स्वसंरक्षणासाठी चाकू: घडीचा घ्यावा की अखंड पात्याचा?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. यंत्र म्हणून पाहिलं तर अखंड पात्याचा चाकू, म्हणजे दुकानदार ज्याला ‘फिक्स्ड ब्लेड’ म्हणतात तो, घडीच्या चाकूपेक्षा मजबूत आणि भरवशाचा असतो. जवळ बाळगायला घडीचा सोपा. एवढ्यावर चाकू वापरणाऱ्या बहुतेकांचं एकमत होईल. पण कुणी अंगावर आलंच तर असावा, म्हणून यातला कुठलाही चाकू खिशात, पर्समध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवायचा विचार असेल, तर तो सोडून द्या, असं मी कळकळीने सांगेन. चाकूशी माझं वैर नाही. सह्याद्रीत हिंडताना सॅकमध्ये एक असतोच, आणि चांगल्या पोलादाचं मला मनापासून अप्रूप आहे.

हा प्रश्न विचारणारे सगळेच हौशी नसतात. कुणाची बहीण सेकंड शिफ्ट संपवून रात्री एमआयडीसीच्या फाट्यावर एकटी उतरते. कुणी रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी द्यायला शेतात जातो. कुणाला टेकडीवर पहाटे फिरायला जाताना लुटारूंची धास्ती वाटते. ही भीती खरी आहे. “चाकूबिकू काही नको” म्हणून विषय उडवून लावला, तर माणूस गप्प बसतो आणि ऑनलाइन काहीतरी मागवून मोकळा होतो. त्यापेक्षा दोन्ही चाकू आतून कसे असतात, आणीबाणीच्या क्षणी त्यांचं काय होतं आणि नंतर पोलीस ठाण्यात काय होतं, हे सगळं नीट समजून घ्यावं.

सांधा असतो तिथेच सगळा फरक

अखंड पात्याच्या चाकूत हलणारा भाग एकही नाही. पात्याचंच पोलाद पुढे निमुळतं होऊन मुठीच्या आत शिरतं. चांगल्या चाकूत हा आतला भाग मुठीच्या शेवटापर्यंत जातो आणि दोन्ही बाजूंनी लाकूड किंवा प्लास्टिक रिव्हेटने बसवलेलं असतं. मूठ दोन्ही बाजूंनी न्याहाळली, की कडेने पोलादाची रेघ दिसते. आपल्या विळ्या-कोयत्यात शेपटीसारखा निमुळता भाग तापवून लाकडी मुठीत ठोकतात आणि मूठ तडकू नये म्हणून तोंडाशी लोखंडी शेंबी चढवतात. पद्धत वेगळी असली तरी पातं आणि हात यांच्यामध्ये सांधा असा नाहीच. म्यानातून काढला की चाकू तयार.

घडीच्या चाकूत पातं एका खिळीवर फिरतं, दार बिजागरीवर फिरतं तसं. उघडल्यावर ते उघडंच राहावं म्हणून काहीतरी कुलूप लागतं. त्या कुलपावर तुमच्या बोटांचं भवितव्य अवलंबून असतं, म्हणून इथे जरा थांबू.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे ज्याला कुलूपच नाही तो. लाल मुठीचा स्विस चाकू बहुतेकांनी हाताळलेला असतो. स्विस सैन्याने आपल्या शिपायांसाठी असा घडीचा चाकू १८९१ साली स्वीकारला. त्याच्या लहान, लोकप्रिय प्रकारांत पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. सफरचंद सोलायला, दोरी कापायला हे पुरेसं आहे. पण टोकावर उलटा जोर आला, तर पातं मिटतं, आणि मिटताना वाटेत असतात ती आपलीच बोटं.

दुसरा प्रकार पाठीच्या कुलपाचा. अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६४ साली ‘११०’ नावाचा घडीचा चाकू काढला आणि शिकाऱ्यांमध्ये तो इतका चालला, की पाठीवर दाबायची पट्टी असलेला चाकू हीच पुढे कित्येकांच्या मनातली घडीच्या चाकूची प्रतिमा झाली. यात पात्याच्या बुडाशी एक खाच असते आणि उघडल्यावर पट्टीचा दात त्या खाचेत बसतो. कुलूप चांगलं आहे. पण खाचेत खिशातला धागा, माती, पोह्याचा कण असं काही अडकलं, की दात अर्धाच बसतो, आणि ‘टक’ आवाज मात्र येतो. आवाज आला म्हणजे कुलूप लागलं, असं समजणारे फसतात.

तिसरा, हल्ली सगळ्यात जास्त दिसणारा, मुठीच्या आतल्या पत्र्याचा. पातं उघडलं की आतला पातळ पत्रा सरकून पात्याच्या बुडाला टेकतो. मिटताना तो अंगठ्याने बाजूला ढकलायचा. एका हाताने उघडमीट होते म्हणून तरुणांना हा आवडतो. महागड्या चाकूत तो नीट घासून बसवलेला असतो. स्वस्त नकलेत पत्रा जेमतेम टेकतो, आणि मूठ जोरात पिळली गेली की बोटाच्या दाबानेच सरकतो. फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरवून लावायची पोलादी कडी आहे. साधी, स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक योजना. लावली आहे की नाही, ते डोळ्यांना दिसतं. फक्त ती लावायला वेगळी कृती करावी लागते.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की रामपुरीचं नाव निघतं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचा हा चाकू हिंदी सिनेमातल्या गुंडांच्या हातात खटकन उघडला आणि देशभर माहीत झाला. रामपुरात २०२३ साली चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला गेला, त्या चौकाला ‘चाकू चौक’ असंच नाव आहे. कारागिरी म्हणून रामपुरीचं मोल मोठं आहे. पण पडद्यावर जो खटका इतका ठसठशीत वाटतो, तोच यंत्राचा कमजोर बिंदू आहे.

दीड सेकंदात काय काय होतं

आता कुलूप उत्तम आहे, चाकू महाग आहे, असं धरून चालू. प्रसंग आला. घडीच्या चाकूचं काय काय करावं लागतं ते बघा. हात खिशात घालायचा. पँट घट्ट असेल आणि तुम्ही बसलेले असाल, तर इथेच अडतं. क्लिपला धरून चाकू वर ओढायचा. तो हातात आल्यावर तळव्यात वळवून घ्यायचा, म्हणजे पात्यावरची गुंडी किंवा भोक अंगठ्याखाली येईल. अंगठ्याने पातं अर्धवर्तुळात फिरवायचं, ते पूर्ण उघडेपर्यंत बाकीची बोटं त्याच्या वाटेबाहेर ठेवायची. मग पकड पुन्हा बदलायची, कारण उघडतानाची पकड आणि धरण्याची पकड सारखी नसते. घरी सोफ्यावर बसून हे सगळं सहज जमतं.

घाबरलेल्या माणसाचा हात मात्र असा चालत नाही. छाती धडधडते, तळवे घामेजतात, बोटांना कंप सुटतो, नजर समोरच्यावर खिळते. चावी कुलपात घालणं, फोनचं लॉक उघडणं, असली बारीक कामं तेव्हा हमखास चुकतात. मोठ्या हालचाली, म्हणजे ढकलणं, पळणं, ओरडणं, त्या मानाने टिकून राहतात. घडीचा चाकू उघडणं हे बारीक काम आहे. अखंड पात्याच्या चाकूच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच: मूठ पकडायची आणि ओढायची, एवढीच मोठी हालचाल.

वेळेचा हिशेब त्याहून कठोर आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली एका लेखात मांडलं, की हल्लेखोर साधारण २१ फुटांचं अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला तयारीच्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे साडेसहा मीटरच्या आत. आपल्या शहरातल्या गल्लीत, जिन्यात, लोकलच्या डब्यात एवढं अंतर मिळतच नाही. गळ्यातली साखळी ओढणारा किंवा पाठीमागून हात धरणारा आधीच अंगाला भिडलेला असतो. तिथे तुमचे दोन्ही हात समोरच्याला लोटण्यात, डोकं वाचवण्यात गुंतलेले हवेत, त्यातला एक खिशात चाचपडत राहिला की तेवढा बचाव कमी.

तेव्हा अखंड पात्याचा घ्यावा? वेगाच्या मुद्द्यावर तो जिंकतो खरा, पण सहज हाती येईल असा ठेवायचा कुठे? कमरेला म्यान बांधून कोथरूडच्या बाजारात किंवा कंपनीच्या गेटवर कुणी जाऊ शकत नाही. मग तो पर्सच्या तळाशी, डब्याखाली, छत्रीशेजारी जातो. तिथून काढायला घडीच्या चाकूपेक्षा जास्त वेळ लागतो. म्यान सैल असेल तर पर्समध्ये हात घालणाऱ्याचीच बोटं कापतात.

घसरणारा हात

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून सविस्तर लिहितो. चाकू कशाला तरी टोकाकडून अडला, की चाकू थांबतो, हात थांबत नाही. तळवा घामाने किंवा पावसाने ओला असेल, तर तो मुठीवरून पुढे सरकतो आणि धारेवर जातो. स्वयंपाकघरातल्या सुरीची मूठ भाजी चिरायला बनवलेली असते, तिला पुढे अडसर नसतो. अशा सुरीने हल्ला करणाऱ्यांच्या स्वतःच्या तळव्यावर, करंगळीवर जखमा आढळतात, हे न्यायवैद्यक शास्त्रात जुनं निरीक्षण आहे. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंचे दोर तळव्याच्या बाजूने कातडीखाली फार खोल नसतात. ते तुटले तर शस्त्रक्रिया, मग कित्येक आठवडे पट्टी, नंतर व्यायाम, आणि तरीही बोट पूर्वीसारखं मिटेल याची खात्री नाही.

आपल्या पूर्वजांनी यावर काढलेली तोड संग्रहालयात बघायला मिळते. कट्यारीची मूठ पात्याच्या रेषेत नसते, आडवी असते. दोन उभ्या दांड्यांमध्ये एक-दोन आडव्या पट्ट्या, त्या मुठीत धरायच्या, दांड्या मनगटाच्या दोन्ही अंगांना येतात. हात पुढे घसरायला जागाच नाही. बिचव्याला हात आत जाईल अशी कडीसारखी मूठ असायची. या सगळ्या रचना अखंड पात्याच्या आहेत, कारण जिवावरच्या प्रसंगात सांध्यावर विसंबू नये हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाला भेटायला गेले, तेव्हाचं वाघनख आणि बिचवा आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण अंगरख्याखाली चिलखत होतं, डोक्याला जिरेटोपाखाली संरक्षण होतं, जागा महाराजांनी निवडलेली होती, जंगलात फौजा दबा धरून होत्या. एवढी तयारी असूनही सय्यद बंडाचा वार अडवला तो जिवा महालाने. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तिथूनच आली. हातातलं शस्त्र त्या दिवशीच्या तयारीतला शेवटचा आणि छोटा भाग होता. आज कुणी चाकू विकत घेतं तेव्हा चिलखत, जागा, सोबती यांतलं काहीच बरोबर घेत नाही.

चाकूची आणखी एक अडचण आहे. तो हाताच्या अंतरावरच चालतो. म्हणजे ज्याच्यापासून दूर जायचंय त्याच्याच जवळ राहावं लागतं. त्याने तुमच्यापेक्षा जास्त जोर लावला, तर चाकू त्याच्या हातात जातो. आणि जखम झालेला माणूस त्या क्षणी थांबतोच असं नाही. संतापलेल्या किंवा नशेतल्या माणसाला लागलेलं बऱ्याचदा कळतही नाही, तो चालून येत राहतो. दोन्ही बाजूंना चाकू असलेल्या झटापटीतून धडधाकट बाहेर पडणं फार थोड्यांच्या नशिबी असतं.

कायदा काय म्हणतो

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. “नऊ इंचापेक्षा लहान असेल तर चालतं” हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी हमखास असतं. त्याचा उगम असा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम यांत हत्यारांचे वर्ग केले आहेत. त्यातल्या पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला, कुकरी, कृपाण यांच्यासोबत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं यातून वगळलेली आहेत. म्हणून घरातली विळी आणि शेतातला कोयता परवान्याशिवाय चालतो. या वर्गातल्या हत्यारांवर परवान्याची अट त्या त्या भागासाठी सरकारने कलम ४ खाली काढलेल्या अधिसूचनेने लागू होते. बातम्यांत ‘आर्म्स ॲक्ट कलम ४, २५’ असं वाचता ते हेच.

पण नऊ इंच ही देशभरची शेवटची रेघ नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटण दाबून, स्प्रिंगने किंवा इतर यांत्रिक रीतीने उघडणाऱ्या चाकूंवर बंधन घातलं, आणि मर्यादा ठेवली ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची. म्हणजे तीन इंच. नऊ इंचाच्या भरवशावर बटणाचा चाकू घेऊन दिल्लीला जाणारा सरळ अडचणीत येऊ शकतो. घडीचा चाकू लहान म्हणून निर्धोक, या समजुतीलाही इथेच तडा जातो. इथे यंत्रणाच आक्षेपार्ह ठरली आहे.

महाराष्ट्रात आणखी एक कायदा लागू होतो, आणि सामान्य माणसाला तोच आधी भेटतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. सणवार, निवडणूक, मोर्चे, तणाव अशा वेळी पेपरात ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ अशी छोटी चौकट येते, आपण ती वाचत नाही. त्या आदेशात सुऱ्या, लाठ्या, काठ्या, इतकंच काय, शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला मनाई करता येते. तिथे पातं किती इंचाचं, घडीचं की अखंड, हा प्रश्न उरत नाही. गणपतीच्या दिवसांत नाकाबंदीत डिकी उघडली गेली आणि आत चाकू निघाला, तर “माझ्या संरक्षणासाठी आहे” हे उत्तर तुमच्या मदतीला येत नाही, उलट चाकू हत्यार म्हणूनच बाळगला होता याची ती कबुली ठरते. चाकू जप्त होतो, पंचनाम्यात एकूण लांबी, पात्याची लांबी-रुंदी, मुठीचा रंग सगळं सेंटिमीटरसकट उतरतं. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या घटना वाढल्यावर कोयता विकताना ग्राहकाचं आधार कार्ड घ्यावं, अशी भूमिका पोलिसांनी २०२३ मध्ये घेतली होती. वातावरण असं असताना तुमचा हेतू चांगला आहे, हे नाक्यावरच्या शिपायाला कपाळावर लिहिलेलं दिसणार नाही.

मग स्वसंरक्षणाचा हक्क कुठे गेला? तो आहे, आणि भक्कम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत तो दिला आहे. पूर्वी दंड संहितेत ही कलमं ९६ ते १०६ होती. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करता येतं. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड हल्ल्यासारखा प्रसंग असेल, तर कलम ३८ प्रमाणे हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रत्येक वार मोजूनमापून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्यातलं एक.

पण न्याय संहितेच्याच कलम ३७ ने आणि पुढच्या काही कलमांनी मर्यादाही घातल्या आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता, तर हक्क नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. धोका संपला की हक्कही संपतो, म्हणजे पळणाऱ्याच्या पाठीत वार केला तर तो बचाव धरला जात नाही. आणि बचावाचा मुद्दा मांडायचा तर तो शक्य कोटीतला आहे हे पटवून देणं आरोपीच्या अंगावर येतं. धारदार हत्याराने दुखापत केली, तर कलम ११८ लागतं. साध्या दुखापतीला तीन वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला किमान एक वर्षापासून दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ढकलून पळालेल्या माणसाला यातलं काहीच सिद्ध करत बसावं लागत नाही. चाकू चालवलेल्याला मात्र एकेका क्षणाचा हिशेब द्यावा लागतो: आधीपासून बाळगला होता का, किती वेळा मारला, कुठे मारला.

मग बहिणीला काय द्यायचं

पेपर स्प्रे भारतात परवान्याशिवाय मिळतो. तो काही फुटांवरून चालतो, हल्लेखोराला तात्पुरतं आंधळं करून पळायला वेळ देतो आणि हातातून निसटला तरी जिवावर बेतत नाही. तो हातात किंवा कीचेनवर असावा, आणि वर्षाकाठी मुदत बघून बदलावा. कानठळ्या बसवणारा छोटा अलार्म मिळतो, पिन ओढली की वाजत राहतो. रस्त्यावरच्या बहुतेक गुन्हेगारांना गर्दी नको असते, म्हणून आवाज हे फार मोठं साधन आहे. तेजस्वी टॉर्च अंधाऱ्या वाटेवर दोन कामं करतो: समोर कोण आहे ते लांबूनच दिसतं, आणि नजर दिपवता येते. फोनवर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक पहिल्या पानावर ठेवावा. कराटे, ज्युदो किंवा कुठल्याही चांगल्या वर्गात पहिली गोष्ट शिकवतात ती पकड सोडवून धावायची, आणि तीच सगळ्यात उपयोगी पडते. शेतावर रात्री जाणाऱ्याला दोघांनी मिळून पाणी धरणं, हातात काठी आणि कपाळावर हेडलॅम्प, हे चाकूपेक्षा सरस आहे, कारण तिथे माणसापेक्षा साप, रानडुक्कर आणि बिबट्या यांच्याशी गाठ पडण्याची शक्यता जास्त.

आणि कंपनीच्या फाट्यावर उतरणाऱ्या मुलीसाठी सगळ्यात चांगलं साधन म्हणजे दारापर्यंत सोडणारी गाडी. ती मागणं हा तिचा हक्क आहे. त्यासाठी भांडावं लागलं तर घरच्यांनी तिच्या पाठीशी उभं राहावं. चाकू विकत घेण्यापेक्षा हे काम अवघड आहे, हे मान्य.

चाकू घ्यायचाच असेल तर

कामासाठी चाकू जरूर घ्या, आणि तेव्हा घडीचा की अखंड हा प्रश्न खऱ्या अर्थाने उपयोगाचा होतो. ट्रेकला, शेतात, कॅम्पवर लाकूड तासणं, दोर कापणं, मासळी साफ करणं असली जोराची कामं असतील, तर अखंड पात्याचा, चार इंचाच्या आसपास पात्याचा, पुढे बोट अडवणारा उंचवटा असलेला आणि घट्ट म्यानाचा चाकू घ्या. स्वीडनच्या मोरा गावातले साध्या प्लास्टिक मुठीचे चाकू या कामाला स्वस्त आणि उत्तम आहेत. प्रवासात फळं कापायला, पार्सल उघडायला घडीचा पुरतो.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दमट हवेत कार्बन पोलाद एका रात्रीत तांबूस पडतं, म्हणून तिथे स्टेनलेस बरं. घडीच्या चाकूला पावसाळा विशेष भोवतो. लाकडी मुठीचा ओपिनेल जुलैत आठवडाभर सॅकमध्ये राहिला, की लाकूड फुगतं, खाच आवळते आणि पातं नखाने ओढून निघत नाही. मग मुठीचा मागचा भाग दगडावर हळूच आपटायचा, की पातं थोडं वर येतं. घरी आल्यावर मूठ वाळू द्यायची, खिळीत खोबरेलाऐवजी मशीन ऑइलचा थेंब सोडायचा, कारण खोबरेल थंडीत गोठून चिकटा धरतं. चामड्याच्या म्यानात ओला चाकू ठेवून दिला, तर अखंड पातंही गंजतं. म्हणून साठवताना चाकू आणि म्यान वेगवेगळे ठेवावेत.

चाकू सॅकच्या आत, इतर सामानाबरोबर, म्यानात ठेवावा. तो ट्रेकच्या सामानाचा भाग आहे हे बघताक्षणी कळलं पाहिजे. ट्रेक संपला की घरी काढून ठेवावा, सोमवारी ऑफिसच्या बॅगेत तसाच जाता कामा नये. विमानात तो केबिनमध्ये चालत नाही, चेक-इन सामानात टाकावा लागतो. परदेशी असणाऱ्यांनी तर तिथला नियम आधी वाचावा. इंग्लंडमध्ये सबळ कारणाशिवाय जवळ ठेवता येतो तो फक्त कुलूप नसलेला, तीन इंचापर्यंत धारेचा घडीचा चाकू. कुलपाचा घडीचा चाकू तिथे या सवलतीत बसत नाही, आणि ‘स्वसंरक्षणासाठी’ असं सांगितलं तर तो घातक हत्यार बाळगल्याचा गुन्हा होऊ शकतो. जर्मनीत १२ सेंटिमीटरपेक्षा लांब अखंड पातं आणि एका हाताने उघडून कुलूप लागणारा घडीचा चाकू, दोन्ही योग्य कारणाशिवाय बाहेर बाळगता येत नाहीत. इथून हौसेने भेट म्हणून चाकू नेणाऱ्यांनी तो खिशात न ठेवता सामानातून सरळ स्वयंपाकघरात पोचवावा.